खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा ताप

गेल्या पावसाळ्यात, रोपलावणीच्या ऐन धांदलीत, माझी आई खानापूर तालुक्यातील आमच्या घराच्या परड्यात शेवाळावरून घसरून पडली आणि तिच्या डाव्या खुब्याचे हाड मोडले. तिचे वय ७२. बेळगावच्या एका रुग्णालयात तिच्या खुब्यात कृत्रिम गोळा बसवण्यात आला. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, त्यामुळे तिच्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. लिहायचे आहे ते त्यानंतर आलेल्या तापाविषयी. तो दोनदा आला, दोन्ही वेळा निराळ्या कारणाने आला, आणि दुसऱ्या वेळचे कारण हाती लागेपर्यंत डॉक्टरांनी जी शोधाशोध केली ती मी आईच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून पाहिली. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वैद्यक मला येत नाही, पण विचारत राहण्याची सवय आहे, आणि वॉर्डातील ज्युनिअर डॉक्टर हुबळीकडचे, कानडी हेलाच्या मराठीत समजावून सांगण्याची हौस असलेले निघाले, हे आमचे भाग्यच.

खरे तर ताप शस्त्रक्रियेच्या आधीपासूनच थोडाथोडा होता. दाखल केले त्या रात्री आईचे अंग कोमट लागत होते आणि थर्मामीटर ९९.८ दाखवत होता. मोडलेल्या हाडातून आतल्या आत रक्त साकळते, आजूबाजूचे स्नायू चिरडलेले असतात, आणि शरीर तो सगळा राडा आवरायला लागते तेव्हा अंग थोडे तापतेच, असे डॉक्टरांनी सांगितले. तरीही शस्त्रक्रियेपूर्वी त्यांनी छातीचा एक्स-रे आणि लघवीची तपासणी केली, कारण शरीरात आधीच कुठे जंतुसंसर्ग असेल तर त्या अवस्थेत सांध्यात धातूचा गोळा बसवणे धोक्याचे असते. हाडाच्या बाबतीत सर्वांत मोठी धास्ती हीच आहे. कृत्रिम गोळ्याच्या पृष्ठभागावर जंतू एकदा थर करून बसले की औषध त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि मग सगळे पुन्हा उघडण्याची पाळी येऊ शकते. म्हणून हाडांच्या वॉर्डात ताप म्हटले की नातेवाइकांच्या आधी डॉक्टरांचेच कान टवकारतात. फरक इतकाच की ते लगेच औषध बदलत नाहीत.

शस्त्रक्रिया पाठीत इंजेक्शन देऊन, कमरेखालचा भाग बधिर करून केली होती. आईला बाहेर आणले तेव्हा ती थडथड उडत होती, दात वाजत होते, आणि आमच्या मामांनी ‘थंडी वाजून ताप आला’ असे सगळ्यांना फोनवर कळवूनही टाकले. सिस्टरने काखेत थर्मामीटर लावला तर ९७. ऑपरेशन थिएटरमधील थंडी आणि बधिर करण्याच्या औषधामुळे शरीराने गमावलेली ऊब यांमुळे ही कापरे भरतात. गरम पांघरूण घातल्यावर अर्ध्या तासात ती थांबली.

खरा ताप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, १००.८. डॉक्टरांच्या हिशेबात १००.४ च्या वर गेला की त्याला ताप म्हणायचे. मामा नंदगडहून आलेले, स्वभावाने स्पष्टवक्ते. त्यांनी ज्युनिअर डॉक्टरांना वाटेतच गाठले. “डॉक्टर, ताप हाय म्हटल्यावर आत पू झालेला असणारच की ओ. चांगलं भारी इंजेक्शन द्या, पैशाचं बघू नका.” डॉक्टरांनी भारी इंजेक्शन दिले नाही आणि रक्तही काढले नाही. त्यांनी काय केले ते मी नीट पाहिले. आईला कुशीवर वळवून पाठीवर स्टेथोस्कोप लावला आणि दीर्घ श्वास घ्यायला सांगितला. सलाईनची सुई, जिला वॉर्डात सगळे इंट्राकॅथ म्हणतात, ती जिथे टोचली होती तिथली चिकटपट्टी उचलून त्वचा लाल झाली आहे का हे पाहिले आणि शिरेवरून बोट फिरवले. लघवीच्या पिशवीचा रंग पाहिला. पोटऱ्या दाबून दोन्हींचा घेर डोळ्यांनी तोलला. पाठीला, टाचांना शय्याव्रण होत नाही ना हे पाहिले. शेवटी जखमेवरची पट्टी वरूनच पाहिली, उघडली नाही. नाडी, रक्तदाब आणि बोटाला लावायच्या चिमट्यावरचे ऑक्सिजनचे प्रमाण, सगळे ठीक होते. मग ते मामांना म्हणाले, “आज पू व्हायला वेळच झालेला नाही, काका.”

या एका वाक्यात पुष्कळ काही होते, ते मला नंतर कळले. जखमेत जंतू शिरले तरी त्यांना वाढायला, पू व्हायला काही दिवस लागतात. जखमेचा संसर्ग साधारणपणे पाचव्या ते सातव्या दिवसापासून पुढे डोके वर काढतो. अतिशय आक्रमक जंतूंचा एखादा संसर्ग पहिल्या दोन दिवसांतही उसळू शकतो, पण मग जखमेचा रंग, वेदना आणि रोग्याची एकूण अवस्था इतकी बिघडते की ते लपून राहत नाही. पहिल्या ४८ तासांतला ताप बहुतेक वेळा शस्त्रक्रियेच्या आघाताला शरीराने दिलेला प्रतिसाद असतो. हाड कापले जाते, मज्जा ढवळली जाते, स्नायू ताणले जातात. त्या जखमी पेशींतून आणि तिथे धावून आलेल्या पांढऱ्या पेशींतून इंटरल्यूकिन-६ सारखी रसायने रक्तात सुटतात. ती मेंदूतील तापमान राखणाऱ्या केंद्राला थोडी वरची पातळी गाठायला लावतात आणि अंग तापते. यात जंतूचा काहीएक संबंध नसतो. खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या सांधेबदलानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत असा ताप कितीतरी रोग्यांना येतो आणि आपोआप उतरतो. या काळात सरसकट रक्ताचे कल्चर (म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहणे), लघवीचे कल्चर, पुन्हा एक्स-रे असे सगळे केले तरी हाती सहसा काही लागत नाही. रोग्याला सुया टोचल्या जातात आणि घरच्यांचे पैसे जातात.

मामांना हे पटले नाही. त्यातच अँटिबायोटिक बंद झाल्याचे त्यांना कळले. जखमेत जंतू शिरू नयेत म्हणून चिरा देण्याआधी तासाभराच्या आत एक मात्रा देतात आणि २४ तासांत ते औषध थांबवतात, अशी तिथली पद्धत होती. ताप चढलेला असताना औषध थांबवायचे, हे कोणाही नातेवाइकाला उलटेच वाटणार. डॉक्टरांचे म्हणणे असे की ते औषध संसर्ग होऊ नये म्हणून होते, झालेल्या संसर्गासाठी नव्हते. विनाकारण चालू ठेवले तर उद्या खरोखर संसर्ग झाल्यास कल्चरमध्ये जंतू सापडणार नाहीत, जुलाब लागतील, आणि काही वेळा तर त्या औषधानेच ताप येतो. मला स्वतःला त्यांचा हा युक्तिवाद सगळ्यांत महत्त्वाचा वाटला. नातेवाइकांच्या आग्रहाला मान देऊन औषध वाढवणे डॉक्टरांना सोपे असते; न वाढवता रोज दोनदा येऊन रोग्याला हात लावून पाहणे अवघड असते.

याच सुमारास घरून येणाऱ्या डब्यावरही चर्चा झाली. भाताने जखम चिघळते, तुरीच्या डाळीने पू होतो, वांगे तर औषधालाही नको, अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे, आणि काकूंनी त्यावरून मला दोन शब्द सुनावलेही. डॉक्टरांनी अंडी, डाळ, दूध भरपूर द्या असे सांगितले, कारण जखम भरायला प्रथिने लागतात. ताप आणि भात यांचा संबंध त्यांनी हसण्यावारी नेला.

ताप मोजण्याची एक युक्ती सिस्टरने मला दाखवली, ती सांगण्याजोगी आहे. शस्त्रक्रियेनंतर वेदना कमी व्हाव्यात म्हणून पॅरासिटामॉल ठरावीक तासांनी दिलेलेच असते आणि तेच तापही उतरवते. गोळीनंतर तासाभराने थर्मामीटर लावला की सगळे आलबेल दिसते. म्हणून गोळीची वेळ झाली की ती गोळी हातात धरून आधी ताप बघायची, तक्त्यावर टिंब द्यायची आणि मगच गोळी तोंडात. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी येतो, तेव्हा प्रत्येक वेळी एकाच जागी मोजायचे, हेही तिनेच सांगितले. तक्त्यावर तापाच्या रेषेखाली नाडीची रेषा असते. ताप उतरला तरी नाडी धावत राहिली तर तिला ते आवडत नसे.

मोठ्या डॉक्टरांचा राउंड आटोपल्यावर ज्युनिअर डॉक्टरांनी मला त्यांच्या अभ्यासातला एक जुना पाढा सांगितला. शस्त्रक्रियेनंतरच्या तापाची कारणे लक्षात राहावीत म्हणून इंग्रजीत डब्ल्यू अक्षराचे पाच शब्द पाठ करून घेतात. वारा म्हणजे फुप्फुसे, पाणी म्हणजे लघवीचा संसर्ग, चालणे म्हणजे न चालल्यामुळे पायाच्या शिरांत होणारी रक्ताची गुठळी, त्यानंतर जखम, आणि शेवटी औषधे. प्रत्येकाला साधारण दिवस नेमून दिलेले असतात. पाढा बरा आहे, पण तो पुरता खरा नाही, हेही त्यांनीच सांगितले. पहिल्या दिवसाचा ताप फुप्फुसाचा तळ नीट न फुगल्यामुळे येतो असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले; त्याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. म्हणून आईला दिलेले ते तीन चेंडूंचे प्लॅस्टिकचे यंत्र, ज्यात नळीने श्वास ओढला की निळे चेंडू वर चढतात, ते ताप उतरवण्यासाठी नव्हते. आडवे पडून पडून न्यूमोनिया होऊ नये म्हणून होते. आईचा पहिला चेंडू चढे, दुसरा अर्ध्यावर थरथरे आणि तिसरा जागचा हालत नसे. सिस्टर गोकाकची. ती दारातून डोकावून “अज्जी, तिसरा चेंडू अजून झोपलाय काय?” असे विचारी.

वॉर्डात इतरही ताप होते, आणि त्यांच्याकडे पाहून आमच्या तापाचे मोल कळत गेले. शेजारच्या खाटेवर चंदगडच्या एक आजी होत्या. चंदगड महाराष्ट्रात, पण त्या बाजूच्या माणसांना बेळगावच जवळ. त्यांच्याबरोबर आलेल्या सुनेला कानडी अक्षर वाचता येत नव्हते म्हणून संमतीपत्र मी वाचून दाखवले होते. आजींना रक्ताची पिशवी लावल्यावर तासाभरात हुडहुडी भरून १०१ च्या वर ताप गेला. सिस्टरने क्षणाचाही विलंब न लावता पिशवी बंद केली, शीर मोकळी राहावी म्हणून नवे सलाईन लावले, पिशवीवरचे नाव आणि गट पुन्हा ताडून पाहिला, लघवी लाल होत नाही ना यावर लक्ष ठेवले, आणि उरलेली पिशवी व आजींच्या रक्ताचा नमुना रक्तपेढीकडे पाठवला. गट जुळणारा होता. दिलेल्या रक्तातील पांढऱ्या पेशींमुळे येणारा तो साधा ताप निघाला. पण चुकीच्या गटाच्या रक्ताची भयंकर प्रतिक्रियाही याच थंडीतापाने सुरू होते, म्हणून आधी थांबवायचे आणि मग विचार करायचा, असा तिथला नियम.

दुसरा प्रसंग अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर कळला. बैलहोंगलकडच्या एका कॉलेजातल्या मुलाची मांडी मोटारसायकलवरून पडून मोडली होती. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, शस्त्रक्रिया व्हायच्या आधीच, त्याला ताप भरला, श्वास लागला आणि तो वडिलांनाच ओळखेनासा झाला. छातीवर आणि काखेजवळ टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके उमटले. लांब हाड मोडल्यावर मज्जेतील चरबीचे कण रक्तात शिरून फुप्फुसांत आणि मेंदूत अडकतात, आणि हे बहुधा २४ ते ७२ तासांच्या आत घडते. यावर खास असे औषध नाही. ऑक्सिजन, वेळ पडल्यास व्हेंटिलेटर, आणि हाड लवकर स्थिर करणे. मुलगा सावरला. त्याचे वडील ताप हा शब्द उच्चारत तेव्हा त्यांना त्या तीन दिवसांतले सगळे आठवत असावे. तापाचा आकडा मात्र त्याचाही १०१ च्याच घरात होता. आकड्यावरून काही कळत नाही. तापाबरोबर आणखी काय आले आहे ते पाहावे लागते, हे त्या बाकावर माझ्या डोक्यात नीट बसले.

आईचा ताप तिसऱ्या दिवसापर्यंत उतरत ९९ वर आला. लघवीची नळी लवकर काढली होती, कारण नळी जितके दिवस राहील तितका लघवीत जंतू वाढण्याचा संभव चढत जातो. मनगटाजवळची शीर दोरीसारखी कडक आणि दुखरी लागली म्हणून सुई काढून दुसऱ्या हाताला लावली. तिसऱ्या दिवशी सीआरपी नावाची रक्तातील दाह मोजणारी तपासणी केली, ती दीडशेच्या आसपास आली. सर्वसाधारण माणसात ती दहाच्या आत असते. आकडा पाहून माझ्या पोटात गोळा आला, पण मोठे डॉक्टर शांत होते. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सीआरपी शिखरावर असतेच, नंतर ती झपाट्याने उतरते आणि साधारण तीन आठवड्यांत पूर्ववत होते. एका आकड्याला अर्थ नाही. उतरती आहे की पुन्हा चढते आहे, हे महत्त्वाचे.

पाचव्या दिवशी पहाटे १०२.२ ताप आला, आणि या वेळी डॉक्टरांचा पवित्रा पूर्ण बदललेला दिसला. पहिल्या तापाच्या वेळी ज्यांनी रक्तही काढले नव्हते त्यांनीच आता भराभर कामे लावली. पट्टी उघडून जखम पाहिली. टाके कोरडे, कडा गुलाबी, दाबल्यावर काही येत नव्हते, मांडी थोडी सुजलेली आणि काळीनिळी होती, पण तणावलेली नव्हती. दोन्ही दंडांतून रक्त काढून कल्चरला गेले. सीआरपी पुन्हा केली. उतरणीला लागलेली पुन्हा वर चढली होती. पायांच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी झाली, गुठळी नव्हती. रक्त पातळ ठेवण्याची इंजेक्शने पोटावर रोज दिली जात होतीच. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. लघवीत थोड्या पांढऱ्या पेशी दिसल्या आणि मला वाटले, सापडले. डॉक्टर म्हणाले, या वयाच्या बायकांच्या लघवीत काहीही त्रास नसताना पेशी आणि जंतू सापडतात; आजींना जळजळ नाही, वारंवार जावे लागत नाही, तेव्हा लघवीवर खापर फोडून शोध थांबवायचा नाही.

मग फिजिशियनना बोलावले. त्यांनी विचारलेले प्रश्न आमच्या मुलखाला धरून होते, म्हणून लिहिते. आजी पडण्यापूर्वी रोपलावणीला चिखलात उतरल्या होत्या का? पायाला चिरा, जखमा होत्या का? घरात उंदीर आहेत का? उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि त्याचा ताप संपर्कानंतर कित्येक दिवसांनी येऊ शकतो. म्हणजे माणूस तो ताप घरूनच अंगात घेऊन येतो आणि तो उगवतो मात्र रुग्णालयात. तसेच मलेरियाचे आणि डेंग्यूचे. खानापूर म्हटल्यावर त्यांनी जंगलात जाणे-येणे होते का, माकडे मेलेली ऐकिवात आहेत का, हेही विचारले. माकडताप १९५७ साली शिवमोग्याच्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला, गोचिडांमुळे पसरतो, आणि घाटापलीकडच्या दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली त्याचे रुग्ण आढळले होते. त्याचा हंगाम मुख्यतः हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा, त्यामुळे त्यांनी ती शंका बाजूला ठेवली. मलेरियाची आणि डेंग्यूची तपासणी निरंक आली, प्लेटलेट भरपूर होत्या, डोळे पिवळे नव्हते, मूत्रपिंडाचा आकडा आधीपासून होता तेवढाच होता.

पाढ्यातली पाचही कारणे अशी तपासून झाली आणि ताप मात्र तसाच. आदल्या दिवशीपासून आई वॉकरला धरून उभी राहायला तयार नव्हती. फिजिओथेरपिस्टला ती म्हणाली होती, “ऑपरेशनचा पाय नव्हे, चांगलाच पाय दुखतो.” त्यावर आम्ही सगळ्यांनी असे धरून चाललो की डाव्या पायावर भार टाकवत नाही म्हणून उजवा भरून आला असणार. फिजिशियननी हे ऐकले आणि उजव्या पायावरची चादर पूर्ण बाजूला केली. उजवा गुडघा डाव्याच्या दीडपट दिसत होता. वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे भरून गेले होते, त्वचा तांबूस आणि ताणलेली होती. त्यांनी माझा हात धरून आधी मांडीवर, मग गुडघ्यावर ठेवला. फरक सांगावा लागला नाही. गुडघा बोटभर वाकवताच आई कळवळली. इतके दिवस सगळ्यांचे लक्ष डाव्या खुब्यावर होते आणि उजवा पाय चादरीखाली राहिला होता.

एकाएकी सुजून लाल झालेल्या सांध्याच्या मागे दोन गोष्टी असू शकतात, आणि दोहोंचे उपाय परस्परांच्या अगदी विरुद्ध. एक, सांध्यात पू. दुसरी, सांध्यात साचलेल्या क्षारांच्या स्फटिकांनी उठवलेला दाह. पू असेल तर काही दिवसांत कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे मऊ आवरण, खाऊन टाकतो आणि रक्तावाटे नव्या खुब्यापर्यंतही पोहोचू शकतो, म्हणून सांध्यातले पाणी काढून पाहिल्याशिवाय औषध सुरू करायचे नाही, असे ठरले. त्वचा तीनदा जंतुनाशकाने पुसून, बधिर करून, वाटीच्या बाहेरच्या कडेखालून सुई घातली. पिवळसर, गढूळ पाणी आले. निरोगी सांध्यातले पाणी नारळाच्या तेलासारखे पारदर्शक आणि तार धरणारे असते, हे तार न धरता थेंब थेंब पडत होते. मोठी सिरिंज भरली आणि आईच्या चेहऱ्यावरचा ताण तेवढ्यानेच निम्मा उतरला.

त्या पाण्यात पांढऱ्या पेशी वीस हजारांच्या आसपास निघाल्या. पन्नास हजारांच्या वर असत्या तर पुवाचा संशय बळावला असता, पण वीस हजार हा आकडा दोन्हीकडे बसू शकतो. ग्रॅम रंजनात, म्हणजे जंतू रंगवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू दिसले नाहीत. ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पेशींच्या आत पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे, आखूड स्फटिक दिसले. शाळेत आम्ही ध्रुवीकरण शिकवतो ते प्रकाशाच्या प्रकरणात, तेवढ्यापुरते. त्यावरून आईचे निदान होईल असे वाटले नव्हते. गाउट या नेहमीच्या सांधेदुखीतील युरिक आम्लाचे स्फटिक सुईसारखे लांब असतात. हे कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे. गुडघ्याच्या एक्स-रेमध्येही हाडांच्या मधल्या कूर्चेत एक बारीक पांढरी रेघ दिसत होती. ती आधी काढलेल्या फोटोतही असणार, पण तेव्हा कोणाला तिचे प्रयोजन नव्हते. या दुखण्याला स्यूडोगाउट म्हणतात. वृद्धांच्या कूर्चेत हे क्षार वर्षानुवर्षे निमूट पडून असतात. मोठी शस्त्रक्रिया किंवा मोठे आजारपण झाले की काही दिवसांत उसळतात आणि ताप अगदी जंतुसंसर्गासारखा आणतात. सीआरपी वर जाते, पांढऱ्या पेशी वाढतात. कागद पाहणाऱ्याला दोहोंतला फरक कळत नाही.

तरीही त्या दिवशी कोणी सुटकेचा श्वास सोडला नाही. स्फटिक सापडले म्हणजे जंतू नाहीतच असे होत नाही. दोन्ही एकाच सांध्यात असू शकतात. कल्चरचा निकाल यायला दोन-तीन दिवस लागणार होते. तोवर डॉक्टरांनी अँटिबायोटिक द्यायचे नाही, पण दर चार तासांनी पाहायचे, ताप आणखी चढला किंवा गुडघा पुन्हा भरला तर लगेच निर्णय बदलायचा, असे ठरवले आणि ते मामांसह आम्हा सगळ्यांना बसवून सांगितले. मामांनी या वेळी वाद घातला नाही. त्यांनी गुडघ्यातून निघालेली सिरिंज पाहिली होती. बर्फाच्या पिशवीने शेक आणि स्फटिकांचा दाह उतरवणाऱ्या कोल्चिसिनची लहान मात्रा सुरू झाली. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या आईच्या मूत्रपिंडाला झेपणार नाहीत म्हणून टाळल्या. कोल्चिसिनही मूत्रपिंड पाहूनच द्यावे लागते आणि त्याने जुलाब होतात, तसे एकदा झालेही, तेव्हा मात्रा कमी केली. गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले असते तर आराम लवकर पडला असता, पण कल्चर येईपर्यंत सांध्यात स्टेरॉइड घालायला मोठे डॉक्टर तयार नव्हते.

ताप दोन दिवसांत उतरला. रक्ताचे आणि सांध्याच्या पाण्याचे, दोन्ही कल्चर निरंक आले. आई पुन्हा वॉकरला धरून उभी राहिली, आणि तिसरा चेंडू मात्र शेवटपर्यंत झोपलेलाच राहिला.

घरी सोडताना मिळालेल्या सूचनांतला तापाविषयीचा भाग मी कागदावर मराठीत उतरवून घेतला, कारण डिस्चार्ज कार्ड सगळे इंग्रजीत होते आणि घरी ते वाचणारे माझ्याशिवाय कोणी नव्हते. संध्याकाळी थोडी कणकण काही दिवस वाटू शकते. ताप १००.४ च्या वर सलग राहिला, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, जखमेतून पाणी आले, कमी होत आलेल्या खुब्याच्या वेदना वाढू लागल्या, एका पोटरीला सूज आली, छातीत दुखले, धाप लागली, तर थेट बेळगावला यायचे. गावातल्या दुकानातून अँटिबायोटिक घेऊन दोन दिवस वाट पाहायची नाही. जखम वरून भरलेली दिसली तरी गोळ्याभोवतीचा खोल संसर्ग पुढच्या तीन महिन्यांत, क्वचित त्यानंतरही उद्भवू शकतो.

टाके काढायला गेलो तेव्हा आणि त्यानंतरच्या भेटीत रक्त पुन्हा तपासले. सीआरपी खाली आली होती, दाहाचीच दुसरी तपासणी, ईएसआर, तिचा आकडा मात्र अजून वर होता. तो खाली यायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात, म्हणून त्यावरून कोणी काही बोलले तर घाबरू नका, असे सांगून डॉक्टरांनी आईच्या फाइलच्या पहिल्याच पानावर लाल शाईने गुडघ्यातील स्फटिकांची नोंद केली. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी आता दुसरीकडे दाखवायचे आहे. ती शस्त्रक्रिया लहान असली तरी ते पान त्या डॉक्टरांना आधी दाखवायचे, असे त्यांनी मला बजावले आहे.